टेकडीवर निळे डोळे चालत नाहीत

"निळ्या डोळ्यांचं पोरगं टेकडीवर? मी मेलो की मग चढवा त्याला, तोवर नाही!"

क्लेम काका हे बोलला आणि त्याने हातातली सुरी मेंढीच्या भाजलेल्या तंगडीत खुपसली. सुरी तशीच उभी राहिली. डार्सीने खुर्ची मागे सारली. सारली म्हणजे आपटली, पण रविवारच्या जेवणाला पाहुणे असले की आपटली असं म्हणायचं नसतं.

"डोळ्याचा रंग आणि दिसणं यांचा काय संबंध, काका? तुझी गाडी पिवळी आहे म्हणून कमी पळते का?"

"गाडीला मधे आणू नकोस."

"ती पळतच नाही, ती गोष्ट वेगळी."

"डार्सी!" आई म्हणाली. डार्सीची आई दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, त्यामुळे एका शब्दात माणसाला गप्प करायची तिला सवय आहे. पण ती माणसं दातदुखीने आधीच अर्धी झालेली असतात. डार्सीचे दात ठणठणीत.

"रंगाबद्दल तू मला शिकवतोस?" काका म्हणाला. "तीस वर्षं रंग विकतोय मी. फिका रंग ऊन थोपवत नाही. तुझ्या डोळ्यांत ऊन सरळ आत घुसतं. गडद रंग ऊन पितो. म्हणून ट्रेलोरांच्या घराण्यात टेकडीवर आजवर फक्त तपकिरी डोळे चढलेत. जेबेझ पणजोबांपासून! क्लबातला त्यांचा फोटो बघून ये."

"बघितलाय."

"परत बघ. आणि हे निळे डोळे तू तुझ्या आईकडून आणलेस, आमच्याकडून नाही."

डार्सीच्या आईने वाटाण्याचं भांडं काकासमोर ठेवलं होतं, ते उचलून परत स्वतःकडे घेतलं.

आता टेकडीचं सांगायला हवं. शिलिंग बेमध्ये मे महिना लागला, म्हणजे तिकडे हिवाळा तोंडावर आला, की सगळं गाव वाऱ्याकडे नाक करून बसतं. पश्चिमेचा गार वारा सुटला की बोय मासा खाडीतून बाहेर पडतो आणि किनारा धरून उत्तरेला निघतो, हजारोंनी, पोटात अंड्यांची गाभोळी घेऊन. वारा कधी सुटेल ते कुणी सांगू शकत नाही. वर्षातले आठ-दहा दिवस काय ते. तेवढ्यासाठी ट्रेलोरांची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं, वर्षभर शेडमध्ये पडून असते. ती ओढणारे सगळे आपापल्या जागी अब्रूदार: एक औषधांच्या दुकानाचा मालक, दोन निवृत्त मास्तर, एक नळदुरुस्तीवाला वगैरे, मिळून आठ. क्लेम काका त्यांचा नाखवा. पण खरा मान काकाचाही नाही. खरा मान सॅडल टेकडीवरच्या टेहळ्याचा. तो वर उभा राहून पाण्यात बोयींचा काळा डाग कुठून कुठे सरकतोय ते बघतो आणि जेबेझ पणजोबांचा जुना पिवळा कोट फिरवतो. एका हाताने फिरवला की होडी सोडा. दोन्ही हातांनी डोक्यावर धरला की ओढा. खालचे आठ शहाणे त्या कोटाकडे बघत वाळूतून धावतात. गावात दुसऱ्या कुणाच्या हातवाऱ्यावर आठ माणसं एकदम धावत नाहीत. नगराध्यक्षबाईंच्या तर एकही नाही.

डार्सीला ते हवं होतं. दुसरं काही नको होतं. शाळा त्याने गेल्या वर्षी सोडली, म्हणजे दोघांनी एकमेकांना सोडलं, आणि तेव्हापासून तो काकाच्या दुकानात रंगाचे डबे घुसळायच्या यंत्रासमोर उभा होता. यंत्र थांबलं की डार्सीचा पाय हलायला लागायचा. बाप पश्चिमेला खाणीवर, तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा इकडे, त्यामुळे भांडायला काकाच हाताशी.

एकवीस वर्षं टेहळणी केलेल्या सिरिल आजोबांचे गुडघे यंदा गेले. जागा रिकामी झाली. सहा वर्षांचा असल्यापासून डार्सी त्यांच्याशेजारी बसून पाणी बघत आला होता. आणि काकाने जागा दिली कुणाला? लीथला. स्वतःच्या पोराला. लीथचे डोळे तपकिरी, टपोरे, वासरासारखे. त्या डोळ्यांनी लीथ बोलिंग क्लबच्या काचेच्या दारावर दोनदा आपटलाय. दुसऱ्या वेळी तर दारावर मोठ्या अक्षरांत 'काच' असं लिहिलेलं होतं. पहिल्या वेळेनंतर, खास त्याच्यासाठी.

लीथ वाईट नाही. "मला नकोय रे ती टेकडी," तो तोंडात बटाटा भरून म्हणाला. "वर वारा फार."

"तू गप्प बस!" काका आणि डार्सी एकदम म्हणाले. त्या दिवशी दोघांचं पटलं ते एवढ्यावरच.

एक गोष्ट मात्र डार्सीने कुणाला सांगितली नव्हती. सकाळी सातला ऊन पाण्यावर आडवं पडतं, तेव्हा त्याच्या डोळ्यांना पाण्याची धार लागते. खरंच लागते. सिरिल आजोबांना तशी लागलेली त्याने कधी बघितली नव्हती. काका चूक आहे हे त्याला शंभर टक्के माहीत होतं, आणि काका बरोबर असला तर, ही भीती वेगळी. राग जास्त होता तो त्यामुळे.

सोमवारी तो बस पकडून मोठ्या गावातल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेला. ओंगबाई त्यांचं नाव. त्यांनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ वाचायला सांगितली. ती त्याने वाचली आणि तिच्याखालची पण वाचली.

"खाली ओळ नाहीये," ओंगबाई म्हणाल्या.

"आहे. छापखान्याचं नाव आहे. आणि साल."

ओंगबाई उठल्या, तक्त्याला नाक लावून उभ्या राहिल्या, परत येऊन बसल्या. "ते वाचायचं नसतं."

"मग छापतात कशाला? बरं, मला एवढंच सांगा. डोळा निळा असला की कमी दिसतं का?"

"बुबुळ म्हणजे खिडकीचा पडदा समज. पडदा फिका असला की ऊन जरा जास्त झिरपतं, माणूस लवकर डोळे बारीक करतो. एवढंच. समोरचं झाड किती स्पष्ट दिसतं ते पडद्याच्या रंगावर नसतं. तू टोपी घाल. गॉगल लाव."

"टेकडीवर गॉगल चालत नाही. अपशकून होतो."

"कोण म्हणतं?"

"चार पिढ्या."

"मग त्यांनाही घेऊन ये तपासायला."

"त्यातल्या तीन मेल्यात. तुम्ही आत्ता बोललात तेच कागदावर लिहून द्या."

इथे गाडं अडलं. बाहेरच्या काउंटरवरच्या पोरीच्या कॉम्प्युटरमध्ये दाखल्याची कारणं ठरलेली होती: वाहन चालवणं, विमान चालवणं, डोकेदुखी आणि इतर. 'काकाला दाखवणं' हे इतरमध्ये बसत होतं, पण इतरला घरच्या डॉक्टरची चिठ्ठी लागत होती आणि घरच्या डॉक्टरची वेळ तीन आठवड्यांनी होती.

"तीन आठवड्यांत मासे क्वीन्सलंडला पोचतील!"

"पुढच्या माणसाला येऊ द्याल का?" पोरगी म्हणाली.

शेवटी 'दृष्टी सर्वसाधारणपेक्षा उत्तम' असा एका ओळीचा कागद घेऊन तो परतला. काकाने तो दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, हातभर लांब धरून वाचला.

"यात रंग कुठे लिहिलाय? हा कुणाच्याही डोळ्यांचा कागद असू शकतो. आणि तू खोलीत बसून अक्षरं वाचलीस. बोय मासा अंगावर अक्षरं घेऊन येतो का?"

मग काकाने काउंटरवरची रंगांच्या नमुन्यांची पट्टी उचलली आणि डार्सीची हनुवटी धरून ती त्याच्या डोळ्याशेजारी लावली. नळदुरुस्तीवाला डग हातात ब्रश घेऊन बघत होता. "हा बघ. 'पहाटेचं धुकं', दोन नंबर. हा आम्ही न्हाणीघराच्या छताला देतो, डग."

"छान दिसतो छताला," डग म्हणाला.

माणसाचा अपमान कसाही करावा, पण नंबर देऊन करू नये. डार्सीच्या कानशिलात जाळ झाला. "आणि तपकिरी असते तर? तर दिली असतीस टेकडी?"

"तपकिरी होऊन ये," काका खो खो हसला. "होऊन ये, लगेच देतो. डग साक्षीला आहे."

डगने ब्रश वर करून साक्ष दिली.

त्या दिवसापासून गावातल्या प्रत्येकाला डोळ्यांतलं कळायला लागलं. शेजारच्या थ्वेटबाईंनी गाजरांची पिशवी आणून दिली, पाच किलोंची, मुळांना माती तशीच. बेकरीवाल्याने थंड चहाच्या पुड्या डोळ्यांवर ठेवायला सांगितल्या. पोस्टातल्या बाईने विचारलं की रोज समुद्राच्या पाण्याने डोळे धुतोस का, आणि तो नाही म्हणाल्यावर म्हणाली, "मग बरोबर," आणि पुढचं काही सांगितलंच नाही. क्लबातला एक म्हातारा म्हणाला की जाळलेल्या बुचाची काजळी गालांवर फासायची, ती ऊन शोषते. डार्सीने ती फासली, तर आईने दारातच विचारलं, "कुणी मारलं?" आणि तिने खरं ऐकायच्या आधीच क्लेम काकाला फोन लावला. त्या एका फोनचं निस्तरताना मंगळवार गेला. गाजरं अजून होती.

उपाय सापडला केशकर्तनवाल्या शेरिलकडे. तिच्या भाचीने नाटकासाठी डोळ्यांत घालायच्या तपकिरी भिंगांच्या दोन डब्या मागवल्या होत्या, एक वापरलीच नव्हती.

"पण ही शोभेची आहेत हं," शेरिल म्हणाली. "बघायची नाहीत, दाखवायची."

"दाखवायलाच हवीत," डार्सी म्हणाला.

गुरुवारी सकाळी आकाश करडं होतं आणि वारा दक्षिणेकडून कुरकुरत पश्चिमेला वळत होता. आठही जण होडीपाशी जमले होते. डार्सी आला आणि थेट काकासमोर चेहरा नेऊन उभा राहिला.

काका एक पाऊल मागे सरला. मग पुढे आला. मग त्याने खिशातून रंगांची पट्टी काढली, कारण काका ती पट्टी रविवारी चर्चमध्येसुद्धा खिशात ठेवतो. "'ओलं लाकूड'," तो हळूच म्हणाला. "सात नंबर. हा काय चावटपणा आहे?"

"तपकिरी होऊन ये म्हणालास. आलो. डग, साक्ष दे."

"म्हणाला होतास, क्लेम," डग म्हणाला. औषधवाला हसायला लागला, मग मास्तर. माणसांसमोर दिलेला शब्द काकाला गिळता येईना. लीथने तर आधीच अंगातला पिवळा कोट काढून डार्सीच्या हातात दिला होता आणि तो बापाच्या नजरेआड, होडीमागे, आनंदाने उभा होता.

"एक सकाळ," काका दात आवळून म्हणाला. "एकच."

डार्सी टेकडी पळत चढला. शेवटी! कोट अंगावर, खाली खाडी, समोर सगळा समुद्र. आणि समोर सगळा समुद्र म्हणजे चहा सांडलेल्या फडक्यासारखं काहीतरी. भिंगाच्या मधे बाहुलीपुरतं भोक होतं, पण भिंग पापणीबरोबर सरकत होतं, त्यामुळे डावा डोळा अर्धा समुद्र बघत होता आणि अर्धं भिंग. उजव्यात वाळूचा कण गेला होता. काढावीत तर काका खालून दुर्बीण लावून बसलेला. अर्धा तास त्याने तसाच रेटला. आणि मग दगडांच्या पलीकडे डाग दिसला. काळा, मोठा, सरकणारा. सिरिल आजोबा सांगायचे, डाग दिसला की शंभर मोजायचे, कडा थरथरतात का बघायचं. डार्सीने अकरा मोजले आणि एका हाताने कोट फिरवला.

होडी सुटली. आठ जण धावले. औषधवाल्याची चप्पल वाळूत राहिली. रापण डागाला गोल वेढा घालून आली, डार्सीने दोन्ही हातांनी कोट डोक्यावर धरला आणि आठही जणांनी ओढायला सुरुवात केली. रापण जड लागली. इतकी जड की मास्तरांनी आनंदाने गाणं म्हटलं. किनाऱ्यावर फिरायला आलेली माणसं पण दोरी धरायला आली. पाऊण तास ओढल्यावर वाळूत जे आलं ते शेवाळ होतं. अडीच-तीन टन शेवाळ, एक खुर्ची आणि एक बोय. एकच.

डार्सी खाली उतरला. काकाने तो एक बोय शेपटीला धरून वर केला. "पहाटेचं धुकं!" तो ओरडला. "बघितलंत? सांगत नव्हतो मी? निळे डोळे!"

"निळे कुठे?" डार्सी त्याहून मोठ्याने ओरडला. "तपकिरी होते ना! तूच पट्टी लावून बघितलंस, सात नंबर! तुझ्या तपकिरी डोळ्यांनी आणलंय हे शेवाळ! निळे असते तर दिसलं असतं मला!"

यावर आठही जण विचारात पडले. मुद्दा होता.

"आतून निळेच," काका शेवटी म्हणाला. "एक हात मारला की भिंत बदलत नाही. खालचा रंग डोकावतो."

तेवढ्यात डार्सीचं डावं भिंग गळून पडलं आणि तो एक निळा, एक तपकिरी डोळा घेऊन काकाकडे बघत राहिला. फिरायला आलेल्या एका बाईने त्याचा फोटो काढला.

आणि मग किनारा बघणारा सरकारी माणूस आला. त्याचं म्हणणं असं की शेवाळ समुद्रात असेतो समुद्राचं, पण जाळ्याने बाहेर काढलं की काढणाऱ्याचा कचरा, आणि कचरा किनाऱ्यावर ठेवायला परवाना लागतो.

"मग परत समुद्रात ढकलतो," काका म्हणाला.

"कचरा समुद्रात टाकायला वेगळा परवाना लागतो. तो मिळत नाही."

संध्याकाळपर्यंत काकाच्या पिवळ्या गाडीने शेवाळाच्या अकरा खेपा केल्या. बाराव्या खेपेला ती चढावर थांबली ती थांबलीच. डार्सी प्रत्येक खेपेला फावडं घेऊन मागच्या भागात उभा होता. गाडी बंद पडली तेव्हा काका म्हणाला, "रविवारी क्लबात सभा. रापणीच्या नियमांत लिहूनच टाकतो. निळ्या डोळ्यांना टेकडी बंद. कायमची. म्हणजे माझ्यानंतर लीथच्या डोक्यावर बसायला नको तू."

कायमची. नियमांच्या वहीत आजवर काही लिहून मग खोडलेलं नाही. तिथे १९३१ सालचा 'होडीत शेळी आणू नये' हा नियम अजून आहे.

रात्री अंगाचा शेवाळाचा वास जाईना आणि झोपही येईना, तेव्हा त्याला शाळेतला एकमेव धडा आठवला. एकमेव, कारण त्या तासाला तो खिडकीपाशी बसलेला नव्हता. तपकिरी बाप आणि निळी आई यांचं पोर निळं व्हायचं तर बापाच्या अंगातही निळा लपलेला असावा लागतो. आईचा एकटीचा पुरत नाही. म्हणजे ट्रेलोरांत कुठेतरी निळा आहे! काकाने आईच्या माथी मारला तो अर्धाच. उरलेला अर्धा कुणाचा?

गावाच्या इतिहास मंडळाकडे जुने कागद असतात. मंडळ बुधवारी दहा ते बारा उघडं असतं, आणि हा होता शुक्रवार. पण मंडळाच्या चिटणीस म्हणजे शेजारच्या थ्वेटबाईच.

"कागद सभासदांनाच दाखवता येतात," थ्वेटबाई कुंपणावरून म्हणाल्या. "सभासद व्हायला दोन सभासदांच्या सह्या. मी एक करते. मंडळात आम्ही चौघी. त्यातली एक क्रूझवर गेलीय आणि उरलेल्या दोघी एकमेकींशी बोलत नाहीत. एकीने सही केली की दुसरी हरकत घेणार."

"मग?"

"दोघींकडून घे. दोघींनाही सांग की दुसरीने नकार दिला."

हे जमलं. डार्सीला खोटं बोलताना एवढा आनंद कधी झाला नव्हता. शनिवारी दुपारी थ्वेटबाईंनी हातमोजे घालून एक पिवळा पडलेला कागद टेबलावर ठेवला, जेबेझ ट्रेलोरच्या सैन्यभरतीचा. डार्सीने तो एका नजरेत वाचला आणि उठून उभा राहिला.

"बस खाली," थ्वेटबाई म्हणाल्या. "कागदाला वारा लागतो. उद्या मी घेऊन येईन. आणि गाजरं संपली का?"

रविवारी सकाळी नऊला क्लबाच्या मोठ्या खोलीत सभा भरली. समोर काच आणि काचेपलीकडे समुद्र, पण सगळे काचेकडे पाठ करून बसले होते, कारण सॉसेज भाजायचा तवा दुसऱ्या बाजूला होता. भिंतीवर जेबेझ पणजोबा, खाली खुंटीला त्यांचा पिवळा कोट. काकाने ठराव वाचला. पावात सॉसेज घेतलेले हात वर होणार, एवढ्यात थ्वेटबाई उभ्या राहिल्या.

"'जेबेझ ट्रेलोर'," त्या वाचू लागल्या. "'उंची पाच फूट सात इंच. केस काळे. डाव्या पायाचा अंगठा नाही.'"

"शार्कने नेला," दोघे-तिघे एकदम म्हणाले. ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ.

"'बैलगाडीचं चाक गेल्यामुळे,'" थ्वेटबाईंनी पुढे वाचलं. खोलीत एक दुःखी आवाज झाला. "'डोळे: निळे.'"

काकाने कागद हातात घेतला. लांब धरला. जवळ धरला. मग तो स्टूलवर चढला, भिंतीवरचा फोटो उतरवला आणि खिडकीच्या उजेडात नेला. सगळे त्याच्याभोवती जमले.

"तपकिरीच आहेत की," लीथ म्हणाला.

"हो," औषधवाला म्हणाला. "आणि दात?"

दात तपकिरी होते. कॉलर तपकिरी. हातातला बोय तपकिरी, मागचा समुद्र तपकिरी, आकाशसुद्धा तपकिरी. सगळा फोटोच तपकिरी. चार पिढ्यांनी त्याच्याकडे बघून हात जोडले होते आणि गावातला सगळ्यात मोठा रंगवाला त्याच्याखाली रोज बिअर प्यायला होता.

काकाने फोटो उलटा करून मागची बाजू बघितली. "लिहिणारा कारकून आंधळा असेल," तो म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"कारकुनाचे डोळे कुठल्या रंगाचे होते?" डगने विचारलं, आणि त्यावर एकदम गलका सुरू झाला. मास्तर म्हणाले ठराव मागे घ्या. दुसरे मास्तर म्हणाले ठराव मागे घ्यायला दुसरा ठराव लागतो. कुणीतरी म्हणालं, निळ्यात पण छटा असतात, आणि काकाचा हात आपोआप पट्टीच्या खिशाकडे गेला.

डार्सीचा पाय हलत होता. तो जिंकला होता बहुतेक, पण कुणी तसं म्हणत नव्हतं, आणि बसवत नव्हतं. त्याने काचेतून बाहेर बघितलं. क्लबाचा झेंडा आत्तापर्यंत लोंबत होता. तो एकदा फडफडला आणि समुद्राकडे ताठ झाला. पश्चिमेचा.

पाण्यावर ऊन चांदीसारखं पसरलं होतं. डोळ्यांना धार लागली. लागू दे. त्याने कपाळावर हात आडवा धरला आणि त्या चकाकीच्या कडेने, सिरिल आजोबा बघायचे तसं, खाडीच्या तोंडापासून हळूहळू बघत गेला. दगड. दगडाची सावली. फेस. आणि पलीकडे एक डाग. त्याने या वेळी मोजायला सुरुवात केली. शंभरपर्यंत. सत्तरला डागाची एक कड उकळल्यासारखी थरथरली आणि तीन मासे हवेत उडाले. तरी त्याने शंभर पुरे केले. आयुष्यात इतकं अवघड काही त्याने केलं नव्हतं.

"काका."

"मधे बोलू नकोस, सभा चालू आहे."

"काका, बोय."

गलका थांबला. काका काचेपाशी आला. त्याने तपकिरी डोळे बारीक केले, मोठे केले, काचेला नाक टेकवलं. "कुठे?"

"दुसऱ्या दगडाच्या पलीकडे. उत्तरेला सरकतोय. गुरुवारच्या डागाच्या दुप्पट आहे."

"शेवाळ असेल."

"शेवाळ उडतं का?"

"ढगाची सावली असेल."

"ढग दाखव."

आठही जणांनी वर बघितलं. आकाशात एकही ढग नव्हता. काकाने परत पाण्याकडे बघितलं, खूप वेळ, आणि त्याला काही दिसलं नाही हे त्याच्या मानेवरून सगळ्यांना दिसलं. त्याने हातातल्या फोटोकडे बघितलं. मग खुंटीवरचा कोट काढून डार्सीच्या अंगावर फेकला, स्वतःच्या डोक्यावरची दुकानाच्या नावाची टोपी काढली आणि पोराच्या डोक्यावर डोळ्यांपर्यंत खाली दाबली.

"ऊन आहे," तो म्हणाला. "पळ आता, दोन नंबर."

आठही जण होडीकडे सुटले. लीथ आधी हाताने चाचपून बघून काचेचं दार उघडत होता.

"अरे, पण सभेच्या वहीत काय लिहू?" थ्वेटबाई मागून ओरडल्या. "ठरावाचं काय झालं?"

"काहीही लिहा!" डार्सी दारातून म्हणाला. त्याचा एक हात कोटात गेला होता, दुसरा अजून बाहेर होता. "मला निघायला हवं."